तीन कागदांतला चांगला कागद

"मॅडम, मग तुम्ही का नाही करून घेतलं?"

गेली एकवीस वर्षं आठवड्यातून दोनदा तरी मला हा प्रश्न विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. मी कर्वेनगरजवळच्या एका डोळ्यांच्या हॉस्पिटलात नोकरी करते. चष्म्याचा नंबर लेझरने घालवायचा असेल तर आधी डोळ्याची बरीच मापं घ्यावी लागतात, ती मी घेते. आणि ती घेताना माझ्या स्वतःच्या नाकावर उणे साडेसहाचा चष्मा असतो.

उत्तरं मी वेगवेगळी देते. घाईत असले तर "वेळच मिळाला नाही" म्हणते. पेशंट घाबरलेला असेल तर "घरचे म्हणतात, मला चष्मा शोभतो" असं सांगून त्याला हसवते. खरं उत्तर मला ठाऊक नाही. माझा कॉर्निया चांगला जाड आहे, नंबर कित्येक वर्षांत हललेला नाही, ऑपरेशनला मी अगदी योग्य आहे. हे आमच्या सरांनीच एकदा तपासून सांगितलंय. सर म्हणजे आमचे मुख्य डॉक्टर. ते स्वतःही चष्मा लावतात, त्यामुळे त्यांनी विषय पुढे वाढवला नाही.

या अंकासाठी कामाबद्दल लिहायचं ठरलं तेव्हा वाटलं, एवढ्या वर्षांत जे पक्कं कळलं ते लिहावं. लिहायला बसले आणि लक्षात आलं की पक्कं कळलेलं फारसं नाहीच. एका मुलीचे तीन कागद मात्र चार वर्षं माझ्या डोक्यातून जात नाहीत. त्यांच्याबद्दलच लिहिते. पण त्याआधी थोडं माझ्याबद्दल आणि कामाबद्दल सांगायला हवं.

मी मूळची वाशीम जिल्ह्यातल्या रिसोडची. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. आठवीपर्यंत मला फळ्यावरचं काही दिसत नव्हतं, पण ते दिसायचं असतं हेच मला माहीत नव्हतं. बाई बोलायच्या ते ऐकून मी लिहायची. मग शाळेत डोळे तपासणीचं शिबिर झालं आणि मला चष्मा लागला. चष्मा लावून घरी जाताना मी रस्त्यात थांबले. विजेच्या दोन खांबांच्या मध्ये तारा असतात हे मला त्या दिवशी कळलं. तोवर मला वाटायचं, खांब नुसतेच उभे केलेत.

शिबिरात भिंगं बदलून बदलून मला तपासणाऱ्या एक बाई होत्या. मी त्यांना विचारलं, "हे काम करायला काय शिकावं लागतं?" त्यांनी माझ्या तपासणीच्या चिठ्ठीच्या मागे 'ऑप्टोमेट्री' असं लिहून दिलं. चार वर्षांनी ती चिठ्ठी घेऊन मी पुण्याला आले. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. त्या बाईंचं नावही मला माहीत नाही. पण माझं जे काही झालं ते त्या चिठ्ठीमुळे झालं, असं मी अजून मानते.

आता कामाबद्दल. लोकांना वाटतं, लेझर म्हणजे खोडरबर आहे, नंबर पुसून टाकतं. तसं नसतं. डोळ्याच्या पुढच्या बाजूला, घड्याळाच्या काचेसारखा पारदर्शक पडदा असतो. तो कॉर्निया. त्याची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. त्याचा आकार बदलला की नजर बदलते, म्हणून लेझरने त्याचा अगदी पातळ थर घासून काढतात. नंबर जितका मोठा, तितकं जास्त घासायचं. एकदा घासलेलं परत भरता येत नाही. आणि उरलेला पडदा मजबूत राहिला पाहिजे, कारण डोळ्याच्या आतून त्याच्यावर सतत दाब असतो. पडदा मुळातच पातळ किंवा कमजोर असला तर ऑपरेशननंतर काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनीही, तो पुढे फुगायला लागतो. मग दिसणं वेडंवाकडं होतं आणि साध्या चष्म्याने ते सुधारत नाही. वेळेत कळलं तर ते फुगणं थांबवायचा उपचार आहे. जे बिघडलं ते मात्र पूर्ववत होत नाही. असं फार थोड्यांना होतं. कुणाला होईल ते आधी ओळखायचं, हे आमचं काम.

ओळखायला एक मशीन आहे. पेशंट हनुवटी टेकवून बसतो, समोरच्या दिव्याकडे बघतो आणि त्याच्या कॉर्नियाचा रंगीत नकाशा छापून येतो. आम्ही त्याला 'टोपो' म्हणतो. टीव्हीवरच्या हवामानाच्या नकाशासारखा दिसतो तो. निळा-हिरवा म्हणजे सपाट, पिवळा-केशरी म्हणजे चढ. खालच्या अंगाला लाल डाग आला तर तिथे पडदा कमजोर असल्याची शंका.

मी प्रत्येक डोळ्याची टोपो तीनदा काढते. पेशंटची पापणी हलते, अश्रू सुकतात, हनुवटी सरकते, त्यामुळे एका कागदावर विसंबता येत नाही. तिन्ही सारखे आले तर मला रात्री झोप लागते.

आणखी एक गोष्ट मशीन सांगत नाही. डोळे चोळण्याची सवय कमजोर पडद्याला फार वाईट. पण "डोळे चोळता का?" असं विचारलं की प्रत्येक जण "नाही" म्हणतो, आणि तो खोटं बोलत नसतो. आपण दिवसातून किती वेळा डोळे चोळतो ते कुणाला माहीत असतं? म्हणून मी पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर जाते. वेटिंग हॉलच्या कोपऱ्यात कूलर आहे. ग्लास भरता भरता बघते, कोण बोटाच्या पेराने चोळतं, कोण तळहाताने. परत येऊन फाइलवर लिहिते. सर म्हणतात, "तुमच्याइतकं पाणी आमच्याकडे कुणी पीत नाही."

तऱ्हेतऱ्हेची माणसं येतात. एकदा सदाशिव पेठेतले एक गृहस्थ आले होते, वय सत्तेचाळीस. मी त्यांना समजावलं की लेझरने लांबचं दिसेल, पण या वयात वाचायला चष्मा लागणारच. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे नाकावरचा चष्मा खिशात जाणार."

"हो, तसं म्हणता येईल."

"एवढ्यासाठी ऑपरेशन कशाला? हा घ्या गेला." त्यांनी चष्मा काढून खरोखरच खिशात ठेवला. मग दरवाजा कुठल्या बाजूला आहे ते मला विचारलं.

दुसरा निखिल, हिंजवडीच्या एका कंपनीतला. त्याची सगळी मापं उत्तम, तिन्ही टोपो छापील चित्रासारख्या सारख्या. ऑपरेशनही उत्तम झालं. पंधरा दिवसांनी तक्त्यावरची सगळ्यात बारीक ओळ त्याने धडाधड वाचली. मी फाइलवर लिहायला घेतलं, तर तो म्हणाला, "मॅडम, ओळ वाचता येते हो. पण दिवा पसरतो."

"कुठला दिवा?"

"सगळेच. ऑफिसमधून निघालो की पुढच्या गाड्यांचे ब्रेकलाइट सगळे एकमेकांत मिसळलेले असतात. आणि हिंजवडीतून निघाल्यावर दीड तास मला तेवढंच बघायचं असतं."

अंधारात असं होतं, डोळे कोरडेही पडतात. बहुतेकांचं काही महिन्यांत कमी होतं, हे मी त्याला आधीच सांगितलं होतं. त्याने त्यावर सहीसुद्धा केली होती. सही करताना तो मोबाइल बघत होता, पण मीही त्याला थांबवलं नव्हतं. आठ महिन्यांनी तो परत आला.

"कमी झालं का?" मी विचारलं.

"झालं असावं. आता त्रास होत नाही तितका."

"कमी झालं की सवय झाली?"

त्याने जरा विचार केला. "ते मला कसं कळणार, मॅडम? तुम्हाला कळतं का मापून?"

मला कळत नव्हतं. माझ्या फाइलवर त्याची नजर पहिल्या दिवसापासून उत्तमच होती. तेव्हापासून मी ऑपरेशन झालेल्यांना "कितवी ओळ?" विचारण्याआधी "कसं दिसतंय?" असं विचारते. उत्तर फाइलच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही, म्हणून समासात लिहिते.

आता आरती.

ती आली तेव्हा पंचविशीच्या पुढची असेल. बूट धुळीने भरलेले, केस घट्ट बांधलेले. सकाळी टेकडीवर धावून ती थेट आमच्याकडे आली होती. कर्वेनगरात एका खोलीत चौघीजणी मिळून राहायच्या, सगळ्या भरतीची तयारी करणाऱ्या. तिला अग्निशमन दलात जायचं होतं. धावणं, दोरावर चढणं, माणूस खांद्यावर घेऊन जाणं, सगळं तिला जमत होतं. नडत होता तो चष्मा, उणे साडेतीन. तिला ज्या भरतीत उतरायचं होतं तिच्या नियमात, चष्म्याशिवाय अमुक इतकं दिसलं पाहिजे असं होतं. लेझर केलेलं चालेल की नाही याबद्दल त्यात काहीच लिहिलेलं नव्हतं. मी तो कागद दोनदा वाचला. वयाची अट मात्र स्पष्ट होती. ती भरती तिच्यासाठी शेवटची होती.

मशीनवर बसवताना माझ्या तोंडून निघून गेलं, "हनुवटी इथं ठेवजो."

ती हसली. हनुवटी हलली आणि पहिला फोटो वाया गेला. "ताई, तुमी आमच्याकडच्या?"

ती मालेगावची निघाली. वाशीम जिल्ह्यातलं मालेगाव, रिसोडपासून फार लांब नाही. तिची आई शाळेत पोषण आहार शिजवायची. मग दहा मिनिटं आम्ही डोळ्यांबद्दल काही बोललोच नाही.

डावा डोळा ठीक होता. उजव्या डोळ्याच्या तीन टोपो काढल्या. पहिलीत खालच्या अंगाला केशरी पट्टा, त्यात लालसर छटा. दुसरी अगदी स्वच्छ, हिरवी. तिसरीत पुन्हा केशरी, पण पहिलीपेक्षा फिकं. आणखी काढत बसले असते तर आणखी तऱ्हा निघाल्या असत्या. मी ग्लास घेऊन कूलरपाशी गेले. आरती बाकावर बसून तळहाताने उजवा डोळा चोळत होती.

सरांसमोर तिन्ही कागद ठेवले आणि चोळण्याचंही सांगितलं. सरांनी आरतीला आत बोलावलं.

"नंबर जाईल. पण डोळा पुढे टिकेल का, हे मला सांगता येत नाही. म्हणून नाही म्हणतोय."

"सर, पण एक कागद चांगला आलाय ना?"

"तीन साक्षीदारांतला एक तुमच्या बाजूने आहे. दोघांचं काय करू? आणि तुमची नोकरी धुरात. तिथे डोळे झोंबणार, तुम्ही चोळणार. अशा डोळ्याला त्याहून वाईट काही नाही. वर्षभर थांबा, पुन्हा माप काढू."

"वर्षभर थांबले तर वयात बसत नाही मी."

"वयाचं मशीन माझ्याकडे नाही," सर म्हणाले. तिचा चेहरा बघून त्यांनी आवाज उतरवला. "रागवू नका. तुम्ही माझी मुलगी असतात तरी हेच सांगितलं असतं."

ती बाहेर आली तेव्हा रडत नव्हती. माझ्या टेबलासमोर उभी राहिली. पुण्यात शिकलेली भाषा तिच्या तोंडून पार गेली होती.

"ताई, मले तुमी सांगा. काऊन नाही म्हनते सर?"

मी पुन्हा सगळं समजावलं. जे सरांनी सांगितलं तेच, फक्त आमच्या बोलीत. तिने ऐकलं, मान हलवली. मी तिला कूलरची गोष्टही सांगितली, पेशंट डोळे चोळतात का ते मी कशी लपून बघते आणि तिलाही बघितलं ती. वाटलं, लाजून तरी सवय सोडेल. मग तिने तपासणीचे कागद मागितले. पेशंटला ते द्यावेच लागतात, नियम आहे. मी तिन्ही टोपो पाकिटात घालून दिल्या.

तिने त्या बाहेर काढल्या आणि टेबलावर शेजारी शेजारी मांडल्या.

"ताई, यातला चांगला कुठला?"

मी काही बोलले नाही. पण माझं बोट उठलं आणि मधल्या कागदावर टेकलं.

एवढंच झालं. त्या क्षणी मला काय वाटलं हे मी किती वेळा आठवून पाहिलंय. कधी वाटतं, नुसतं विचारलं म्हणून नुसतं दाखवलं, शिक्षक फळ्यावर दाखवतो तसं. कधी वाटतं, त्या शिबिरातल्या बाईंनी चिठ्ठीवर एक शब्द लिहून दिला होता, तसंच काहीतरी मला आरतीला द्यायचं होतं. आणि कधी वाटतं, ती पुढे काय करणार हे मला पक्कं कळलं होतं. बोट दाखवणारी मी या तिघींपैकी कुठली होते, ते अजून ठरत नाही.

दहा महिन्यांनी, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत, गणवेश घातलेली एक मुलगी पेढ्यांचा पुडा घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. चष्मा नव्हता, त्यामुळे मी आधी ओळखलंच नाही.

"ताई, तुमच्यामुळं झालं."

पेढा माझ्या हातात तसाच राहिला. ती सांगत गेली. दुसऱ्या गावातल्या एका हॉस्पिटलात ती गेली. आधीचे रिपोर्ट म्हणून मधला कागद तेवढा दाखवला. तिथे एकदाच टोपो काढली आणि ती नेमकी त्या कागदासारखीच स्वच्छ आली. फॉर्मवर एक प्रश्न होता: याआधी कुठे ऑपरेशनला नकार मिळाला आहे का? तिने 'नाही' लिहिलं.

"आणि बाकीचे दोन कागद?"

"गादीखाली. हे घ्या, तुमच्याकडेच ठेवा." चौपदरी घड्या घातलेले दोन कागद तिने मला दिले, जुनं बिल परत करावं तसे.

मी तिला आत नेऊन तपासलं. नशिबाने त्यांनी पडद्याला काप न देता वरवर करायची पद्धत वापरली होती. त्या पद्धतीत दुखतं जास्त, पण अशा डोळ्याला आणि अशा नोकरीला त्यातल्या त्यात ती बरी. "चार दिवस डोळ्यात तिखट टाकल्यागत झालं होतं," आरती म्हणाली. तक्त्यावरची शेवटची ओळ तिने वाचली. मी विचारलं, "कसं दिसतंय?"

"कसं म्हणजे? दिसतंय." आणि हसली. निखिलसारखं 'पण' तिच्या वाक्यात नव्हतं.

म्हणजे बघा. ज्याची सगळी मापं चोख होती त्या निखिलला दिवे पसरलेले दिसत होते. आणि जिला आम्ही नाही म्हटलं होतं ती स्वच्छ डोळ्यांनी नोकरीवर रुजू झाली होती. मला आनंद झाला होता, खरंच झाला होता. पण पेढा मी अर्धाच खाल्ला.

त्याच दिवशी मी सरांना सगळं सांगितलं. बोटाचंही.

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुम्ही तोंडाने काही म्हणालात?"

"नाही सर."

"म्हणाला असतात तर बरं झालं असतं. वाद तरी घालता आला असता."

"सर, मग आपण नाही म्हणालो ते चुकलं का?"

"नाही. ते बरोबर होतं."

"पण तिचं तर चांगलं झालं."

"तेही बरोबर आहे. रस्ता न बघता ओलांडणारे सगळेच काही गाडीखाली जात नाहीत. म्हणून मी मुलांना न बघता ओलांडा असं सांगू?" त्यांनी चष्मा परत लावला. "आपला नकार आणि तिची आजची नजर, दोन्ही एकाच फाइलमध्ये लावा. आणि तिला दर वर्षी बोलवा. बोट दाखवलंत, आता हात धरा."

त्यानंतर आरती दर वर्षी येते. पेढ्यांची धरून ही चौथी खेप. प्रत्येक वेळी मी तिच्या तीन टोपो काढते. मधल्या काळात काही झालं की तीच फोन करून सांगते. एका गोदामाच्या आगीत तिचा मास्क क्षणभर सरकला आणि डोळ्यांत धूर गेला. बाकीचे डोळे चोळत होते आणि ही दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी होती. तिचे साहेब म्हणाले, "काय गं, परेड आहे का इथे?" ती म्हणाली, "सर, ताईंनी मनाई केलीये." मग कुणीतरी तिच्या डोळ्यांवर बाटलीतलं पाणी ओतलं. आता त्यांच्या केंद्रात कुणी डोळा चोळायला लागलं की बाकीचे म्हणतात, "ताई बघतायत." त्या ताई म्हणजे मी. मला तिथे कुणी पाहिलेलंही नाही.

मधल्या वर्षी त्याच केंद्राच्या गाडीने, कात्रजच्या बाजूला, चौथ्या मजल्यावर अडकलेल्या एका म्हातारीला खाली आणलं. शिडीवर आरती होती. आजीबाईंनी खाली उतरल्यावर विचारलं, "एवढ्या धुरात तुला दिसलं कसं गं बाळा?" आरतीने हे मला फोनवर सांगितलं तेव्हा माझ्यासमोर एक पेशंट हनुवटी टेकवून बसला होता. मी त्याला तसाच ठेवून मिनिटभर बाहेर गेले. या वेळी पाणी खरंच प्याले.

ती म्हातारी खाली आली हे माझ्या बोटाच्या हिशेबात कुठल्या बाजूला मांडायचं? आरती नसती तर दुसरं कुणी शिडीवर चढलं असतं, हे मला कळतं. आणि तरी.

गेल्या महिन्यात ती या वर्षीच्या तपासणीला आली. लग्न ठरलंय म्हणाली, मुलगा एसटीत कंडक्टर आहे, त्याला चष्मा आहे. "मी त्याले म्हटलं, राहू दे. शोभते तुले." मी हसले. टोपो काढल्या.

डावा डोळा तसाच. उजव्याची पहिली, हिरवी. दुसरी, हिरवी. तिसरीत खालच्या अंगाला केशरी. फिकं, पण गेल्या वर्षीच्या कागदांत ते नव्हतं. ऑपरेशन झालेल्या डोळ्याचा नकाशा मूळच्या नकाशाशी थेट जुळवता येत नाही, म्हणून मी गेल्या वर्षीच्या कागदांशी लावून बघितलं, खिडकीला धरून बघितलं. हनुवटी सरकली होती का? पापणी हलली होती? अश्रू सुकले होते? की सर तेव्हा म्हणत होते ते आता सुरू झालं होतं? डोळ्यांत थेंब घालून, दहा मिनिटं बसवून मी चौथी काढली. तीही ना धड हिरवी, ना धड केशरी.

सरांनी सगळे कागद पाहिले. "सांगता येत नाही," ते म्हणाले. एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून हे मी फार कमी वेळा ऐकलंय. "वर्षाने नको. तीन महिन्यांनी बोलवा. वाढलं तर थांबवायचा उपचार लगेच करू. नाही वाढलं तर मशीनला शिव्या देऊ."

मी आरतीला माझ्या टेबलाशी बसवलं आणि सगळं सांगितलं, काही न वगळता. तिने विचारलं, "नोकरी?"

"आज तरी तुझी नजर पूर्ण आहे. तीन महिन्यांनी बघू."

"मी तेव्हा तुमचं ऐकलं असतं तर?"

"तर डोळ्याला धोका कमी होता. आणि तू शिडीवर नसतीस."

"मग बरोबर कोनाचं होतं, ताई?"

मी उगाच कागदांच्या कडा जुळवत बसले. तिला माझी दया आली असावी. तिने कागद पुढे ओढले, चारही टेबलावर शेजारी शेजारी मांडले आणि डोळे बारीक करून, मुद्दाम चिडवत विचारलं, "बरं, यातला चांगला कुठला?"

मी दोन्ही हात टेबलाखाली घेतले. मग चारही कागद गोळा केले, कोपऱ्यात स्टेपलर मारला, एका पिनेच्या जागी दोन मारल्या आणि पाकिटात घालून तिला दिले.

"हे चारही तुझे आहेत. सुटे करायचे नाहीत."

ती पाकीट घेऊन बाहेर गेली. पुढच्या तारखेची नोंद व्हायची होती म्हणून ती हॉलमध्ये बाकावर बसली. मी ग्लास घेऊन कूलरपाशी गेले. हॉलमध्ये नेहमीसारखी गर्दी होती, कुणी मोबाइल बघत होतं, कुणी डोळ्यांत थेंब घालून मान वर करून बसलं होतं. आरती पाकिटाकडे बघत होती. तिचा उजवा हात वर गेला, डोळ्यापर्यंत आला, भुवईपाशी थांबला. तिने कपाळावरची बट मागे सारली आणि हात परत मांडीवर ठेवला.

मी पाहतेय हे तिला माहीत होतं की नाही, ते मला कळलं नाही. ग्लास भरून वाहायला लागला तेव्हा मी नळ बंद केला.